इंग्रजी वाचता येते, पण बोलता येत नाही. आता जर्मन कशी शिकू?

प्रश्न थोडक्यात असा आहे. शाळा-कॉलेज धरून दहा-बारा वर्षं इंग्रजी झाली, व्याकरणाचे नियम अजून पाठ आहेत, वर्तमानपत्र वाचून समजतं, पण समोरचा इंग्रजीत बोलायला लागला की तोंडातून शब्द फुटत नाही. वय चाळिशी ओलांडलेलं. आता कामासाठी जर्मन शिकायची आहे आणि घरी आठ वर्षांच्या मुलीला इंग्रजी शिकवायची आहे. चूक स्मरणशक्तीची, वयाची की शिकवण्याच्या पद्धतीची? व्याकरण आधी करावं की बोलणं? आणि दोन भाषा एकदम झेपतील का?

मी बरीच वर्षं मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते आहे आणि शिकवता शिकवता स्वतः जर्मन आणि जपानी शिकले. त्यामुळे फळ्याजवळ उभं राहणं आणि बाकावर बसणं, दोन्हीचा अनुभव ताजा आहे. माझं ठाम मत आधीच सांगून टाकते. तुमचं बोलणं अडतं हे खरं, पण त्याचं मूळ ऐकण्यात आहे. आपल्याकडे ऐकणं कोणी शिकवतच नाही. ते आपोआप येतं असं सगळे धरून चालतात.

दोन माणसं बोलत असताना एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला किती वेळ जातो, हे भाषेच्या अभ्यासकांनी मोजून पाहिलं आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जगाच्या वेगवेगळ्या भागांतल्या १० भाषांमधली प्रश्नोत्तरं तपासली होती. सरासरी अंतर निघालं सेकंदाच्या पाचव्या भागाइतकं. भाषेगणिक थोडा फरक पडला, पण फार नाही. एखाद्या चित्राकडे बघून त्याचं नाव उच्चारायलासुद्धा माणसाला याच्या दुप्पट-तिप्पट वेळ लागतो. याचा अर्थ उत्तर देणारा समोरच्याचं वाक्य संपायच्या आतच आपलं वाक्य रचायला लागलेला असतो.

मराठीत आपण हे दिवसभर करतो, कारण मराठी ऐकायला कष्टच पडत नाहीत. कान त्यांचं काम करत राहतात आणि डोकं मोकळं असतं. इंग्रजीत तुमचं सगळं लक्ष समोरचा काय म्हणतोय ते पकडण्यात खर्च होतं. तो थांबतो तेव्हा तुम्ही अजून त्याच्या वाक्याच्या मध्यावरच असता. मग उत्तर मराठीत सुचतं, त्याचं भाषांतर सुरू होतं, काळ कोणता वापरायचा, 'डिड' लावायचं का, हे मनात चाललेलं असताना समोरच्याने विषय बदललेला असतो. लोक याला 'आत्मविश्वास कमी आहे' असं म्हणतात आणि तसे वर्ग लावतात. मला ते निदान पटत नाही. ज्याला समोरचं बोलणं सहज कळतं, त्याचा आत्मविश्वास बहुतेक वेळा आपसूक वाढतो.

दहा वर्षं शिकून हे का झालं नाही? साधा हिशेब करू. वर्गात ५० मुलं आहेत आणि तास ४० मिनिटांचा आहे असं धरा. हजेरी, फळ्यावरचं उतरवून घेणं आणि शिक्षकांचं समजावणं यात निम्मा तास गेला. उरलेली २० मिनिटं सगळ्यांत सारखी वाटली तर एकाच्या वाट्याला २४ सेकंद येतात. वर्षाला २०० तास झाले तर बोलायला मिळाली ८० मिनिटं. दहा वर्षांत १३ तास २० मिनिटं. यात प्रश्नाला कोरसमध्ये दिलेलं 'येस टीचर'सुद्धा आलं. ऐकण्याचं म्हणाल तर शिक्षक निम्मं मराठीत बोलणार आणि उरलेलं इंग्रजी धडा वाचून दाखवण्याचं, तेही सावकाश, एकेक शब्द सुटा करून. खऱ्या इंग्रजी बोलण्याशी कानाची गाठ पडलेलीच नसते.

याच्या समोर दुसरा आकडा ठेवा. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची फॉरिन सर्व्हिस इन्स्टिट्यूट ही संस्था तिथल्या अधिकाऱ्यांना परदेशी भाषा शिकवते. मातृभाषा इंग्रजी असलेल्या प्रौढाला कामकाज नीट करता येईल इतकी भाषा यायला किती तास लागतात, याचा त्यांचा अंदाज आहे. स्पॅनिशसारख्या जवळच्या भाषेला साधारण ६०० ते ७५० तास, हिंदीला ११००, आणि जपानी, चिनी, अरबी या भाषांना २२००. हे नुसते वर्गातले तास, लहान वर्गातले, घरचा अभ्यास वेगळा. तुमची स्मरणशक्ती चांगली आहे. तास झालेले नाहीत, आणि जे झाले त्यात तुम्हाला इंग्रजीबद्दलची माहिती मिळाली. या आकड्यांत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. हिंदीचे ११०० तास इंग्रजी माणसासाठी आहेत, मराठी माणसाला त्याचा लहानसा भागही पुरतो. भाषा अवघड की सोपी हे आपण कुठून निघालो यावर ठरतं. जर्मनबद्दल बोलताना हा मुद्दा उपयोगी पडेल.

आता ऐकण्याकडे वळते, कारण सगळ्यात जास्त काम इथे आहे.

मराठीत आपण जवळजवळ प्रत्येक अक्षराला त्याचा वाटा देतो. इंग्रजीत तसं नसतं. वाक्यातल्या एक-दोन महत्त्वाच्या शब्दांवर जोर पडतो आणि बाकीचे दाबले जातात. 'टू', 'ऑफ', 'अँड', 'हॅव', 'कॅन' हे शब्द पुस्तकात ठसठशीत दिसतात, बोलण्यात मात्र त्यांचा स्वर मिटून पुसटसा 'अ' उरतो, कधी तोही राहत नाही. 'शुड हॅव बीन' हे कानावर 'शुडव्बिन' असं येतं. 'व्हॉट डू यू वॉन्ट टू डू' याचं 'व्हड्यवॉनडू' होतं. डोळ्यांना हे सहा-सात शब्द पहिलीपासून ओळखीचे आहेत, कानाला ते कधी भेटलेलेच नाहीत.

'कॅन' आणि 'कान्ट' घ्या. 'मला येता येईल' आणि 'मला येता येणार नाही' यांत केवढा फरक आहे, आणि शिकणारे यात सर्रास घोटाळा करतात, कारण ते शेवटचा 'ट' ऐकू येतो का याची वाट बघतात. भरभर बोलताना तो 'ट' बहुतेक वेळा ऐकूच येत नाही. मग इंग्रजी बोलणारे फरक कशावरून ओळखतात? जोरावरून. 'मी येऊ शकतो' म्हणताना 'कॅन' नुसता 'क्न' होतो आणि जोर पुढच्या क्रियापदावर जातो, म्हणजे 'आय क्न कम्'. नकार असेल तर 'कान्ट'वर स्पष्ट जोर येतो आणि स्वर पूर्ण उच्चारला जातो. हे एकदा सांगून दहा मिनिटं ऐकवलं की चेहरे उजळतात, कारण इतकी वर्षं चुकीच्या जागी कान लावून बसलो होतो हे लक्षात येतं.

यासाठी मी जो सराव देते तो घरी एकट्याने करता येतो. ज्याचा मजकूर लिहिलेला मिळतो असं कोणतंही ध्वनिमुद्रण घ्या. मुलाखत असेल तर उत्तम, बातम्या नकोत, कारण बातमीदार वाचून दाखवत असतो. त्यातली फक्त ४० सेकंदं निवडा. मजकूर झाकून एकदा ऐका आणि काय कळलं ते मराठीत स्वतःशी सांगा. मग एकेक वाक्य थांबवत, हवं तितक्या वेळा मागे नेत, जे ऐकू येतं ते लिहून काढा. अडलं तर रेघ मारून पुढे जा. झालं की मजकूर उघडा आणि तुमचं लिहिलेलं शेजारी ठेवा.

इथे खरा शोध लागतो. चुकलेल्या जागा दोन प्रकारच्या निघतात. काही ठिकाणी शब्दच माहीत नव्हता, त्याचं फारसं दुःख नको, तो शब्द शिकून घ्या. पण बहुतेक ठिकाणी शब्द अगदी बालवाडीतला असतो आणि तरी तो ऐकू आलेला नसतो. माझ्या वर्गातल्या एका बाईंनी 'फर्स्ट ऑफ ऑल' या तीन शब्दांच्या जागी 'फेस्टिव्हल' लिहिलं होतं आणि पुढचं अख्खं वाक्य कुठल्या तरी सणाचं आहे असं समजून ऐकलं होतं. त्यांचं इंग्रजी वाचन उत्तम होतं. त्यांना शब्दसंग्रहाची आणखी एक वही करायला लावून काय मिळालं असतं? त्या तीन शब्दांना जोडून म्हणताना जीभ कशी फिरते, एवढंच त्यांना हवं होतं. दुसऱ्या प्रकारच्या जागांवर खूण करा, तेवढाच तुकडा पुन्हा ऐका, मग त्याच वेगात, त्याच चालीवर मोठ्याने म्हणा. शेवटी मजकूर मिटून सगळी ४० सेकंदं पुन्हा ऐका. यात वीसेक मिनिटं जातात. रोज करा. दोन-तीन महिन्यांत लोक मला सांगतात की माणसं सावकाश बोलायला लागल्यासारखी वाटतात.

हा सराव बारीक कामाचा आहे. त्याच्या जोडीला भरपूर, सोपं, कष्ट न पडणारं ऐकणं आणि वाचणंही हवं, आणि इथे माणसं अभिमानापायी अडतात. 'मी इंजिनिअर, मी लहान मुलांची पुस्तकं वाचू?' हो, वाचा. शब्दसंग्रहाचे अभ्यासक पॉल नेशन यांनी २००६ साली मांडलेल्या हिशेबानुसार, मूळ इंग्रजी वाचकांसाठी लिहिलेली कादंबरी किंवा वर्तमानपत्र कोणाच्या मदतीशिवाय वाचायचं तर ८ ते ९ हजार शब्दकुळं यावी लागतात. शब्दकुळ म्हणजे एक मूळ शब्द आणि त्यापासून बनलेली रूपं. हा आकडा मजकुरातले १०० पैकी ९८ शब्द ओळखीचे असावेत या अपेक्षेवर बसवलेला आहे. तो मला फार उपयोगाचा वाटतो, कारण त्यावरून पुस्तक निवडता येतं. २५० शब्दांच्या पानावर पाचापेक्षा जास्त शब्द अडले तर ते पुस्तक आत्ता बाजूला ठेवा, आणखी सोपं घ्या. शिकणाऱ्यांसाठी मोजक्या शब्दांत लिहिलेल्या गोष्टींची पुस्तकं याचसाठी असतात. शब्द पाठ करण्याबद्दल एवढंच सांगते की आज वीस वेळा घोकण्यापेक्षा आज, उद्या, चार दिवसांनी आणि पंधरा दिवसांनी एकेकदा आठवून बघा. हेर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवरच प्रयोग करून हे १८८५ सालीच दाखवून दिलं, आणि आजची कार्डांची ॲप त्याच पायावर उभी आहेत.

मग बोलायचंच नाही का? बोलायचं, नक्की बोलायचं. नुसतं ऐकून भागत नाही याचा मोठा पुरावा कॅनडात मिळाला. तिथे १९६५ सालापासून इंग्रजी घरांतल्या मुलांना सगळे विषय फ्रेंचमधून शिकवण्याच्या शाळा सुरू झाल्या. बऱ्याच वर्षांनंतर या मुलांचं फ्रेंच ऐकणं आणि वाचणं फ्रेंच मुलांच्या जवळपास पोचलं, बोलणं आणि लिहिणं मात्र चुकांनी भरलेलं राहिलं. मेरिल स्वेन यांनी १९८५ साली त्याची जी मीमांसा केली ती मला पूर्ण पटते. अर्थ समजायला वाक्याची रचना तपासावी लागत नाही, संदर्भावरून काम भागतं. स्वतः बोलताना मात्र प्रत्येक रूप निवडावं लागतं, आणि कुठे अडतंय ते तेव्हाच कळतं.

बोलण्याच्या सरावासाठी मी एक जुनी युक्ती वापरते. एखाद्या विषयावर, समजा कालच्या प्रवासाबद्दल, एका जोडीदाराला चार मिनिटं सांगायचं. मग दुसऱ्या जोडीदाराला तेच तीन मिनिटांत, आणि तिसऱ्याला दोन मिनिटांत. मजकूर तोच, ऐकणारा नवा, वेळ कमी. पहिल्या खेपेला जिथे माणूस 'अं... अं...' करत थांबतो, तिथून तिसऱ्या खेपेला सरळ निघून जातो, कारण काय सांगायचं हे ठरलेलं असतं आणि कसं सांगायचं याकडे लक्ष द्यायला जागा मिळते. जोडीदार नसेल तर फोनवर स्वतःचं बोलणं मुद्रित करा. पहिलं आणि तिसरं मुद्रण लागोपाठ ऐका.

चुका सुधारण्याबद्दल माझ्या पेशात खूप वाद आहेत. एक पक्ष म्हणतो, टोकू नका, माणूस बोलायचा थांबेल. दुसरा म्हणतो, लगेच सुधारा, नाहीतर चूक मुरते. माझा कल टोकण्याकडे आहे, पण निवडून. भाषातज्ज्ञ रिचर्ड श्मिट यांनी १९८३ साली हवाईत राहणाऱ्या एका जपानी चित्रकाराबद्दल लिहिलं होतं. ते त्याला वेस म्हणतात. गडी भलताच बोलका, लोकांत मिसळणारा, कामापुरतं सगळं इंग्रजीत निभावणारा. तीनेक वर्षांत त्याचं संभाषण छान खुललं, व्याकरण मात्र जवळपास होतं तिथेच राहिलं. त्याचं काम चाललं होतं, लोकांना कळत होतं, मग रूपांकडे लक्ष जावं कशाला? याच श्मिट यांनी पुढे ब्राझीलमध्ये राहून पोर्तुगीज शिकताना रोजनिशी ठेवली. त्यात त्यांना दिसलं की वर्गात शिकवलेली रूपं आपोआप तोंडात येत नव्हती. लोकांच्या बोलण्यात ती आपल्या लक्षात आली, की मग ती आपणही वापरू लागतो. कान तयार झाल्याशिवाय व्याकरण कामाला येत नाही, हे एका भाषातज्ज्ञाने स्वतःवर ताडून पाहिलेलं आहे.

शिक्षक सुधारतात ते कसं, हेही बघण्यासारखं आहे. विद्यार्थी म्हणतो, 'येस्टर्डे आय गो टू ऑफिस.' शिक्षक मान डोलावत म्हणतात, 'ओह, यू वेंट टू द ऑफिस.' विद्यार्थी म्हणतो, 'येस', आणि पुढे जातो. त्याला वाटतं शिक्षकांनी आपलं म्हणणं समजल्याची पावती दिली. लिस्टर आणि रांटा यांनी १९९७ साली कॅनडातल्या अशा वर्गांचा अभ्यास केला तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा शिक्षक असंच सुधारत होते, आणि विद्यार्थ्यांनी त्याची दखल घेण्याचं प्रमाण याच प्रकारात सगळ्यात कमी होतं. त्यापेक्षा 'येस्टर्डे आय...?' एवढंच म्हणून थांबावं. तो स्वतःच 'वेंट' म्हणतो. ते त्याचं त्याने शोधलेलं असतं, म्हणून टिकतं. अर्थात हे त्याला आधी माहीत असलेल्या रूपाबद्दल. जे शिकवलेलंच नाही ते सरळ सांगून टाकावं.

थांबावं म्हणाले, त्यात सगळं आलं. अमेरिकेतल्या मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांत मोजलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबायला लागल्यावर उत्तरं लांबली आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. हे आपल्याच भाषेत शिकणाऱ्या मुलांचं. परक्या भाषेत तर आणखी थांबायला हवं. नव्या शिक्षकांना मी सांगते की प्रश्न विचारून झाल्यावर मनात पाचपर्यंत मोजा. वर्गातली शांतता अंगावर येते, पण विद्यार्थ्याला तीच लागते.

व्याकरण आधी की बोलणं, या प्रश्नाचं उत्तर मला एका पद्धतीच्या बाजूने देता येत नाही. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या शाळांमध्ये एक मोठा प्रयोग केला. व्याकरणाचा अभ्यासक्रमच नाही. रेल्वेचं वेळापत्रक, नकाशा असं काही मुलांपुढे ठेवायचं आणि त्यातला प्रश्न इंग्रजीतून सोडवायला लावायचं. लक्ष अर्थाकडे गेलं की रचना मागून बसत जाते, हा त्यामागचा विचार. जगभर पुढे जे कार्यकेंद्री शिक्षण रुजलं त्याचा हा एक मोठा उगम आहे. त्याच प्रभूंनी १९९० साली असंही लिहिलं की सर्वांत उत्तम अशी कोणतीही एक पद्धत नसते. आपण करतो त्यातून शिकणं का घडतं याची शिक्षकाला आतून जाण असणं महत्त्वाचं. तुमच्यापुरतं सांगायचं तर व्याकरण तुमचं झालेलं आहे, ते पुन्हा करू नका. जर्मनमध्ये मात्र सुरुवातीपासून थोडं थोडं करा. मोठ्या माणसाला नियम समजला की कानावर पडलेलं ओळखायला मदत होते, ही सोय सोडायची कशाला? आणि नियम मराठीतून समजून घ्यायला अजिबात संकोच करू नका. जे मराठीत अर्ध्या मिनिटात कळतं ते जर्मनमध्ये दहा मिनिटं हातवारे करून समजावण्यात वर्गाचा वेळ फुकट जातो. वाचलेला वेळ जर्मन ऐकण्यात घाला.

वयाची भीती बरीचशी निराधार आहे. इंग्रजी कुटुंबं हॉलंडमध्ये राहायला आली तेव्हा त्यांतली कोण किती लवकर डच शिकतं हे स्नो आणि हूफनाहेल-हूला या दोघींनी तपासलं, १९७८ साली. पहिल्या काही महिन्यांत सगळ्यांत पुढे होती १२ ते १५ वर्षांची मुलं आणि मोठी माणसं. सगळ्यांत मागे ३ ते ५ वर्षांची. लहान मुलं पुढे वरचढ ठरतात, विशेषतः उच्चारात, कारण त्यांना अनेक वर्षं आणि अनेक तास मिळतात. तुमचा उच्चार जर्मन माणसासारखा होणार नाही, तशी गरजही नाही. कळण्याजोगा झाला की पुरे.

आणि जर्मनसाठी तुम्ही इंग्रजी माणसापेक्षा चांगल्या जागेवरून निघता आहात. इंग्रजी बोलणाऱ्याला टेबल पुल्लिंगी आणि पुस्तक नपुंसकलिंगी का, हेच आधी पचत नाही. आपल्याकडे तो, ती, ते आहेतच. कोणत्या शब्दाला कोणतं लिंग हे मराठीवरून ठरवू नका, ते जुळत नाही. आपला सूर्य पुल्लिंगी, जर्मनांचा स्त्रीलिंगी. पण शब्दाबरोबर लिंग लक्षात ठेवायचं आणि त्याप्रमाणे विशेषण बदलायचं, ही मनाची सवय आपल्याला जन्मापासून आहे. विभक्तीचंही तेच. 'घोडा'चं 'घोड्याला' करणाऱ्याला जर्मनमधले चार कारक अनोळखी वाटायचं कारण नाही. आणि ज्या वाक्यरचनेवरून इंग्रजी लोक जर्मनला नावं ठेवतात, ती आपल्याला घरची आहे. 'वाइल इश हॉइटं काइनं त्साइट हाबं', म्हणजे 'कारण मला आज वेळ नाही'. गौण वाक्यात क्रियापद 'हाबं' शेवटी येतं, जिथे मराठी कान त्याची वाट बघतच असतो. त्यातल्या 'त्साइट'चा पहिला उच्चार म्हणजे आपल्या 'चमचा'तला च. 'इश'मधला शेवटचा आवाज मात्र नेमका 'श' नाही, तो श आणि ह यांच्या मधला आहे, आणि ओठ गोल करून 'ई' म्हणायचा स्वर आपल्याकडे नाहीच. हे दोन सुरुवातीलाच कोणाकडून तरी ऐकून घटवून घ्या, नंतर मोडणं जड जातं. जपानीतही मला मराठीचा असाच आधार मिळाला. क्रियापद शेवटी, आणि 'ला', 'त', 'हून' यांसारखे जोड नामाच्या मागे. वर्गातल्या इंग्रजी पार्श्वभूमीच्या विद्यार्थ्यांना जे आठवडे लागले ते मला एका तासात समजलं. लिपीने मात्र सगळ्यांना सारखंच राबवलं.

जर्मनचा शिक्षक निवडताना एक तास बघायला बसा आणि शिक्षक किती बोलतात, विद्यार्थी किती, हे घड्याळावर बघा. पहिल्या पातळीवर शिक्षकांनी जर्मन जास्त बोलणं चांगलंच आहे, कारण ते तुमचं ऐकणं आहे. शिक्षक जर्मनबद्दल मराठीत किंवा इंग्रजीत भाषण देत असतील तर दुसरीकडे बघा. युरोपात २००१ पासून भाषेच्या सहा पायऱ्या मानतात, ए १ ते सी २. कामासाठी बी १ किंवा बी २ मागतात. ए १ लवकर होतं, म्हणून पुढचंही तसंच होईल असं धरू नका. बी १ नंतर प्रत्येक पायरीला आधीपेक्षा जास्त तास लागतात, आणि तिथे ज्यांचं ऐकणं-वाचणं भरपूर झालेलं असतं तेच टिकतात.

मुलीबद्दल. तिला व्याकरण शिकवू नका आणि पाहुण्यांपुढे इंग्रजीत बोलून दाखवायलाही लावू नका. तिला रोज इंग्रजी गोष्ट वाचून दाखवा. तुमचा उच्चार साधा असला तरी चालेल, शिवाय चांगल्या आवाजातली ध्वनिमुद्रणं असतात. एकच गोष्ट तिने दहा वेळा मागितली तर दहा वेळा वाचा, मुलं भाषा अशीच उचलतात. मायकेल वेस्ट यांनी बंगालमध्ये शिकवत असताना १९२० च्या दशकात एक प्रश्न विचारला होता: मुलाची शाळा मध्येच सुटली तर तोवर झालेल्या इंग्रजीतून त्याच्या हाती काय राहील? त्यांचं उत्तर होतं वाचन, कारण अर्धवट आलेलं बोलणं विसरतं, पण वाचायची गोडी लागलेलं मूल एकट्याने पुढे जातं. मी त्यात ऐकणं जोडेन. आणि तिच्याशी मराठीत भरपूर, खोल, तपशिलात बोलत राहा. कारणं सांगणं, वर्णन करणं, वाद घालणं हे एका भाषेत आलं की दुसऱ्या भाषेत त्यासाठी फक्त शब्द लागतात.

दोन्ही भाषा एकदम चालतील, कारण तुमची इंग्रजी सुरुवातीच्या पायरीवर नाही. दोन नव्या भाषा एकदम शून्यापासून सुरू करणाऱ्याला मी थांबवलं असतं. गोंधळ होईल तो जर्मन आणि इंग्रजी यांच्यात, मराठी मध्ये येणार नाही. परक्या भाषा एकमेकींच्या जागी घुसतात. जर्मन बोलताना माझ्या तोंडात जपानी शब्द येतो, मराठी कधीच येत नाही. पहिले सहा महिने जर्मनला सकाळचा ताजा वेळ द्या, कारण ती नवी आहे, आणि इंग्रजीचं ४० सेकंदांचं ऐकणं संध्याकाळी करा. जर्मनचेही तुकडे तसेच ऐका, पहिल्या आठवड्यापासून. तिथे लिहिलेलं आणि बोललेलं इंग्रजीपेक्षा पुष्कळच जुळतं, त्यामुळे कान लवकर सरावतात. ए २ झाल्यावर आठवड्यातून एकदा कोणाशी तरी फक्त जर्मनमध्ये अर्धा तास बोलायचं ठरवून टाका, आणि त्या अर्ध्या तासाआधी दहा मिनिटं जर्मन ऐका, म्हणजे इंग्रजी बाजूला सरते.